चुका असतील तर कागद परत

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.४०

लिफ्ट बंद. मी पाचव्या मजल्यावर, हातात पर्स, पायात बूट, पाव आणायला निघालेली, आणि दार उघडत नाही. दारावर सेलोटेपने चिकटवलेला कागद. ‘लिफ्ट विल बी रिमेन क्लोज टिल फर्दर.’ फर्दर काय? फर्दर नोटीस, फर्दर ऑर्डर, की फर्दर जन्म? वाक्य अर्ध्यावर टाकून लिहिणारा जेवायला गेला असावा. ‘बी’ आणि ‘रिमेन’ एका वाक्यात सुखाने नांदतात असं ज्याला वाटतं, त्याच्या हाती या इमारतीचा कारभार आहे.

कागद जागेवरच दुरुस्त केला. लाल पेन पर्समध्ये असतंच. तासाभरात लिफ्ट चालू होईल. लोकांना चूक दाखवली की ते कामाला लागतात, हा माझा अनुभव आहे.

दुपारी ३

अजून बंद. चार वाजता ताईकडे पोचायलाच हवं.

ताई माझी थोरली बहीण. पलीकडच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमात असते, तळमजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. तिच्या डोक्यातून माणसं एकेक करून गळायला लागली आहेत. डॉक्टर म्हणाले होते, रोज तेच माणूस, त्याच वेळी, त्याच खुर्चीत दिसत राहिलं तर तेवढं एक टिकेल. ते माणूस मी. ती मला अजून बेबी म्हणते आणि शाळेतून आज लवकर कशी सुटलीस विचारते. चालतं. नाव बरोबर आहे ना, बाकी तपशील नंतर बघू.

जिना मला बंद आहे. कमरेचा सांधा बदललाय आणि सर्जनने जिन्याचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून सांगितलंय.

संध्याकाळी ६

सेक्रेटरीला फोन केला. हा माणूस लिहिताना दर दोन शब्दांनी स्वल्पविराम देतो, म्हणून मी त्याला स्वल्पविराम म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर मिस्टर सेक्रेटरी. म्हणाला, मॅडम, नवी लिफ्ट बसतेय, तीन महिने तरी धरा, फेब्रुवारीत तीन नोटिसा दिल्या होत्या की तुम्हाला. म्हटलं, दिल्या होत्यात, आणि तिन्ही मी दुरुस्त करून परत पाठवल्या होत्या. म्हणाला, हो ना, तेच तर. ‘तेच तर’ म्हणजे काय ते विचारेपर्यंत त्याला दुसरा फोन आला. असे फोन त्याला वेळेवर येतात.

माझी पद्धत इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको. एका मोठ्या कंपनीच्या हेड ऑफिसात मी टायपिंग सेक्शनची सुपरवायझर होते. पहिलं वाचन चुकांसाठी, दुसरं अर्थासाठी. पहिल्या वाचनात चूक निघाली की दुसरं वाचन होत नाही. कागद परत, डाव्या कोपऱ्यात ‘सी मी’. मॅनेजिंग डायरेक्टरांचा राजीनामासुद्धा मी दोनदा परत पाठवला होता. तिसऱ्या खेपेला शुद्ध होऊन आला तोवर त्यांचा विचार बदलला होता. कंपनी टिकली ती अशी.

आज चार वाजता माझी खुर्ची रिकामी होती.

मंगळवार, ४ मार्च

वृद्धाश्रमात फोन लावला. तिथल्या बाईंनी ताईच्या कानाला धरला. मी म्हटलं, ताई, मी बेबी. मग ताईचा आवाज, पण माझ्याशी नव्हे, त्या बाईंशी. घ्या हो, कुणीतरी बाई बोलतायत.

यंत्रातून आवाज बदलतो. तिचा दोष नाही. उद्या काहीतरी करून जातेच.

गुरुवार, ६ मार्च

जाता आलं नाही. पण एक गोष्ट उघड झाली.

स्वल्पविराम पाच जिने चढून आला, धापा टाकत, आणि दारातच बसला. पाणी दिलं. म्हणाला, मॅडम, तळमजल्यावरची पाहुण्यांची खोली होती ना, ती आम्ही लिफ्ट होईपर्यंत न चढता येणाऱ्या माणसाला द्यायची ठरवली होती. तेच विचारलं होतं नोटिशीत. तीनदा विचारलं. तीनदा तुमच्याकडून कागद लाल होऊन परत. मला वाटलं, तुम्हाला नकोय.

मी म्हटलं, दाखवा कुठे विचारलंय. त्याने दाखवलं. ‘सीनियर पीपल, हू, कॅन नॉट स्टेअर्स, मे इंटिमेट, सेक्रेटरी, फॉर गेस्ट रूम.’ हे विचारणं झालं? सेक्रेटरीशी इंटिमेट होण्याची या वयात कुणाला हौस आहे? त्या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या, त्या स्पष्ट दिसत होत्या.

आणि ‘सी मी’ लिहिलं होतं ते? भेटायला का नाही आलात? म्हणाला, आलो होतो की. तुम्ही डिक्शनरी हातात दिलीत आणि दार लावलंत.

हे खरं आहे. ती डिक्शनरी अजून परत आलेली नाही.

खोली गेली चौथ्या मजल्यावरच्या टेलरला. त्याचा गुडघा दुखतो. त्याने नोटिशीच्या मागे लिहून दिलं होतं, ‘नी पेन. वॉन्ट डाउन.’ कर्ता नाही, क्रियापद उघड्यावर पडलेलं. आणि याला खोली मिळते. याच टेलरच्या दुकानाच्या पाटीवर ‘ऑल्टरेशन’ हा शब्द मी आल्यापासून चुकीचा होता. मी खडूने दुरुस्त केला. त्याने पाटी नव्याने रंगवून घेतली आणि दुसरीकडे चूक केली. मी तीही दाखवली. आता पाटीवर नुसती कात्री काढली आहे. इतकी माझी दहशत असलेला माणूस माझ्या हक्काच्या खोलीत झोपतोय.

स्वल्पविराम जाताना म्हणाला, खाली राहायची सोय असती तर लिफ्टच्या कामगारांपैकी चौघांनी तुम्हाला खुर्चीत बसवून एकदा उतरवलं असतं. रोज चढउतार नाही जमणार, मॅडम, पोरं मरतील.

मी म्हटलं, मला त्या खोलीची गरज नाही. मी माझी समर्थ आहे.

निश्चय: जिना. सर्जन काही रोज बघायला येत नाही.

रविवार, ९ मार्च

जिना हा विषय संपला.

कठडा धरून, बाजूने, एक एक पायरी, असं तंत्र मी कागदावर नीट आखलं होतं. कागदावर ते निर्दोष होतं. मधल्या वळणापर्यंत पोचले. तिथे कंबर म्हणाली, पुढे तू जा. बसले. समोरच्या फ्लॅटमधली नर्स ड्यूटीवरून येत होती, तिने विचारलं, आजी, इथे काय करताय? आजी. मी तिला सांगितलं, वारा खातेय. तिने वॉचमनला हाक मारली. दोघांनी मला जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवून वर आणलं. वॉचमनची पाठ धरली. तो आता खाली आडवा होऊन राखण करतो आणि माझ्याकडे वर बघत नाही.

सर्जनने फोनवर जे सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या प्रिस्क्रिप्शनवरचं अक्षरही लिहिण्यासारखं नसतं, पण आज एकेक शब्द लख्ख कळला.

नवा निश्चय: शांत डोक्याने पत्रव्यवहार. माझं खरं शस्त्र तेच.

गुरुवार, १३ मार्च

नर्सने परस्पर एक उपद्व्याप केला. टेलरला सांगितलं, काका, तुम्ही खाली आहातच, चार वाजता जरा त्यांच्या ताईंकडे बसून या, निरोप द्या. आणि तो जायला लागला. माझ्या खुर्चीत बसतो. दुकान बंद करून जातो म्हणे.

मी आक्षेप घेतला. नर्स म्हणाली, मग कुणी जाऊ नये असं म्हणायचंय का तुम्हाला? या पिढीला प्रश्न विचारायला शिकवलंय, ऐकायला नाही.

ठीक आहे. तात्पुरती व्यवस्था. रोज सकाळी गॅलरीतून दोरीला बांधून पिशवी खाली सोडते, त्यात ताईसाठी मजकूर असतो. टेलरने तो तिला वाचून दाखवायचा आणि परतीच्या पिशवीत लेखी अहवाल द्यायचा. पाव, दूध आणि अहवाल. तोंडी निरोप मला चालत नाहीत.

अहवाल इंग्रजीत लिहितो. नर्सने विचारलं तर म्हणाला, मॅडमना मराठीत लिहिलं तर अपमान वाटेल.

सोमवार, १७ मार्च

अहवालांचा नमुना, कापडाखाली घालायच्या खाकी कागदावर, निळ्या खडूने: ‘सिस्टर फाइन. एट बिस्किट. लाफ.’ यातलं ‘एट’ त्याने आठ या आकड्याचं लिहिलंय. मी दिवसभर घाबरून. आठ बिस्किटं? तिची साखर? आणि हसलं कोण, बहीण की बिस्किट? लाल करून परत पाठवलं. पूर्ण वाक्यं, कर्ता, काळ, नीट मागितले.

दुसऱ्या दिवशी आलं, ‘सिस्टर हॅज बीन ईटिंग वन बिस्किट.’ पुष्कळ सुधारणा आहे. नर्स म्हणते, काका संध्याकाळभर तुमच्या चार ओळी लिहीत बसतात, एका गिऱ्हाइकाच्या पँटला एक पाय आखूड झाला. मी म्हटलं, भाषा अशीच येते. तिने माझ्याकडे बघून काहीतरी गिळलं. बहुतेक कौतुक.

ताईला मी गेले नाही असं वाटतच नसणार. माझी वाक्यं रोज तिच्या कानावर आहेत.

शुक्रवार, २१ मार्च

अहवाल: ‘सिस्टर कॉल मी भाऊ.’

आम्हाला भाऊ नाही.

त्याने तिला चुकीचं काहीतरी सांगितलं असणार. खुलासा मागवला. खुलासा आला, ‘आय टोल्ड नो. शी टोल्ड यस.’ व्याकरणाच्या इतक्या दरिद्री अवस्थेत माणसाने नातं जोडू नये.

आज ताईला लिहिलेल्या मजकुरात मी ‘तुझी बेबी’ असं खाली दोनदा लिहिलं आणि टेलरला सूचना दिली की हे मोठ्याने वाचावं.

मंगळवार, २५ मार्च

नर्स आज स्वतः ताईला बघून आली. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ओट्यावरचा डबा उघडत होती आणि लावत होती. म्हटलं, सांगून टाक.

म्हणाली, काका तुमची चिठ्ठी वाचून दाखवत होते. ताई ऐकत होत्या. मग विचारलं त्यांनी, भाऊ, ही बाई रोज लिहिते, फार कडक लिहिते हो. कोण ही? तुमची बायको का?

नर्स हसवायला म्हणून सांगत होती. अर्ध्यावर थांबली.

दुपारी जेवले नाही. भूक नव्हती म्हणून. चार वाजता गॅलरीत उभी राहिले. तिथून त्या आश्रमाचं फाटक दिसतं, खिडकी दिसत नाही. टेलर लंगडत आत जाताना दिसला. हातात माझा मजकूर.

मला खाली जायचंय.

बुधवार, २६ मार्च

लिफ्ट कंपनीला पत्र पाठवलं होतं, मागच्या आठवड्यात, सात खर्डे करून. काम लवकर संपवा, एका व्यक्तीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असं संयत इंग्रजीत. आज उत्तर आलं.

पहिलं वाचन. एकही चूक नाही. स्वल्पविराम जागच्या जागी, काळ योग्य, ‘इनकन्व्हीनियन्स’चं स्पेलिंग बरोबर. कितीतरी वर्षांनी असं पत्र हातात आलं. डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल. मग नियमाप्रमाणे दुसरं वाचन केलं.

लिफ्ट ऑगस्टअखेर होईल.

गुरुवार, २७ मार्च. दुपारी २

आजच्या पिशवीत पाव, दूध आणि टेलरची वेगळी चिठ्ठी. नेहमीच्या वेळेआधी. इतकं भयंकर इंग्रजी आजवर कुणी या दोरीवरून वर पाठवलं नसेल. नमुना म्हणून उतरवून घेते, आणि परत पाठवते.

‘मॅडम यू कम माय रूम. आय गोइंग अप, माय नी गुड नाउ. फोर मेन टुमारो मॉर्निंग चेअर. सिस्टर फरगेटिंग, यू मस्ट. टुडे ओन्ली टेल.’

‘यू कम माय रूम’ म्हणे. त्याच्या वयाच्या पुरुषाने माझ्या वयाच्या बाईला हे लिहावं? ‘यू मस्ट’च्या पुढे क्रियापदच नाही. काय मस्ट? ‘टुडे ओन्ली टेल’ हा तर हुकूम झाला. आणि खुर्चीचं स्पेलिंग असं की वाचून हसू यावं. हसू आलं नाही, पण यावं असं.

सगळं लाल केलं. जागा उरली नाही म्हणून ‘सी मी’ मागच्या बाजूला लिहिलं. पिशवी खाली सोडली. टेलर खालीच उभा होता. चिठ्ठी काढून बराच वेळ वाचत राहिला. मग मान हलवून आत गेला. पटलं असावं.

कालपासून मन ठिकाणावर नव्हतं. काम केल्याने बरं वाटलं.

शुक्रवार, २८ मार्च. सकाळी १०

खाली काहीतरी जड ओढल्याचे आवाज. शिलाई मशीन असावं. मग जिन्यात पुरुषांची बोलणी, खुर्ची आपटल्याचा आवाज, आणि मग सगळं परत खाली गेलं. विनाकारण गोंगाट. स्वल्पविरामाकडे लेखी तक्रार पाठवली.

रात्री ९

आज चारचा अहवाल आला नाही.

शनिवार, २९ मार्च. सकाळी ९

नर्स आली. बसली नाही. म्हणाली, तुम्ही नाही का म्हणालात?

म्हटलं, कशाला?

म्हणाली, काकांनी खोली देऊ केली होती तुम्हाला. सामान बांधलं होतं. मशीन जिन्यापाशी आणून ठेवलं होतं. सेक्रेटरीकाकांनी कामगारांना विनवून चौघं थांबवले होते. आणि तुम्ही ती चिठ्ठी लाल करून पाठवलीत. काल ती चौघं खुर्ची घेऊन निघाली तेव्हा काकांनी त्यांना सांगितलं, मॅडमना नकोय, मी असलं लिहायला नको होतं. मशीन परत आत ठेवलं. त्यांचा गुडघा काही बरा नाही, हे तुम्हाला ठाऊक असू दे. चार जिने चढणार होते ते.

मी म्हटलं, चिठ्ठीत असं काही नव्हतं.

ती म्हणाली, वाचा.

चिठ्ठी माझ्याकडे नाही, पण वर उतरवून घेतलेली आहे. वाचली. दुसऱ्यांदा. मॅडम, तुम्ही माझ्या खोलीत या. मी वर जातो, माझा गुडघा आता बरा आहे. उद्या सकाळी चार माणसं खुर्ची घेऊन येतील. ताई विसरत चालल्यात, तुम्ही जायलाच हवं. आजच्या आज सांगा.

सगळं होतं. कर्ता, काळ, वेळ, कारण. एकही गोष्ट लिहायची राहिली नव्हती.

नर्सला म्हटलं, तू जाऊन सांग त्यांना. म्हणाली, नाही, मॅडम. तुमचा निरोप तुम्ही लिहा. सोमवारी ती चौघं शेवटची येणार आहेत, मग त्यांचं दुसरीकडे काम सुरू होतंय. म्हणून लवकर लिहा. दार हळू लावून गेली. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

टेलरला फोन केला. उचलला नाही. चार वेळा केला. माझ्या शिस्तीत हे बसत नाही.

सकाळी ११.३०

खर्डा एक: इंग्रजीत, दोन पानं, खेदासहित. फाडला. खर्डा दोन: इंग्रजीत, एक पान. त्यात ‘सर्कमस्टन्सेस’ हा शब्द तीनदा. फाडला. अक्षर शाळकरी येतंय. पुढचं पत्र तसंच जाऊ द्यायचं. पुन्हा वाचायचं नाही.

‘टेलरकाका यांस,

तुमची चिठ्ठी मी आज वाचली. परवा मी ती वाचली नव्हती, तपासली होती.

मला खाली यायचं आहे. तुमची खोली मला हवी आहे. तुम्ही वर जाऊ नका, गुडघा बरा नाही हे मला कळलं आहे. खोलीत दुसरी खाट मावत असेल तर मधे पडदा लावू, नाही मावली तर मी खुर्चीत झोपेन. लोक बोलतील तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

ताईला आज चार वाजता माझ्याकडून काहीही वाचून दाखवू नका. नुसतं सांगा की बेबीची शाळा उशिरा सुटणार आहे, पण ती येते आहे. भाऊ म्हणाली तर हो म्हणा.

सोमवारी चौघं येतील तेव्हा मी दारात खुर्चीवर तयार असेन. तुमची हरकत आहे की नाही ते मला लेखी हवं. उद्या, रविवार, ३० मार्च, संध्याकाळी पाच वाजायच्या आत. पिशवी आत्तापासून खाली सोडून ठेवली आहे, पाच वाजेपर्यंत ती वर ओढणार नाही. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, खडूने लिहा. ‘येस’ला तीनच अक्षरं लागतात. तुम्हाला येतील त्या क्रमाने घाला, पण पाचच्या आत घाला.’